अमुकचा डबा, तमुकचा डबा

पत्र:

"दादा, सप्रेम नमस्कार.

आमच्या घरात व्हिडिओ गेमच्या डब्यावरून भांडण लागलं आहे, हे लिहायलाही लाज वाटते. माझा नवरा ३८ वर्षांचा, दीर ३१ चा. पोट्टे असते तर दोघांना दोन दिल्या असत्या. यंदा माझी भिशी लागली, साठ हजार आले. मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला फुटबॉलचा गेम पाहिजे. म्हटलं, यातूनच एक कन्सोल घेऊन टाकू. तर यांचं म्हणणं, 'तमुक'चा चालेल, पण 'अमुक' कंपनीचा डबा या घरात आला न, तर मी गच्चीवर झोपीन. भाऊजींचं म्हणणं, घ्यायचा तर 'अमुक'चाच, 'तमुक'चा म्हणजे पैसे पाण्यात.

यांच्या रागाला कारण आहे. दीड वर्षापूर्वी 'अमुक'वाल्यांनी यांचं खातं अचानक बंद केलं. कारण काय, तर 'नियमभंग'. कोणता नियम, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यात विकत घेतलेले चौदा गेम होते. यांनी सतरा ई-मेल केले, सतराही वेळा तेच छापील उत्तर आलं. तेव्हापासून यांच्या मते सगळ्याच मोठ्या कंपन्या चोर. घरात कोणी नवा फोन आणला तरी अर्धा तास प्रवचन. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पंगत बसली होती, भाऊजी टेराफ्लॉप का काय ते समजावून सांगत होते, तर हे ताटावरून उठले. आंबील वाढायची राहिली होती. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, त्याही माझ्याशीच.

भाऊजी मिहान उद्योगनगरीत नोकरीला आहेत. एका परदेशी कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी पाहायचं काम आहे (ती अमुकही नाही, तमुकही नाही). ते म्हणतात, दादा भावनेच्या भरात बोलतो, आकडे बघत नाही. पूर्वी हे दोघं रात्री दोन-दोनपर्यंत एका सोफ्यावर बसून खेळायचे आणि मी ओरडायची. आता व्हॉट्सॲपवर एकमेकांना लेखांच्या लिंका पाठवतात, एक वरच्या मजल्यावरून, एक खालच्या.

कोणाचं बरोबर आहे? आणि घेऊ कोणता? (मला स्वतःला गाडी पळवायचा गेम आवडतो. हे घरात कोणाला सांगितलेलं नाही.)

— वहिनी, त्रिमूर्ती नगर, नागपूर"

उत्तर:

वहिनी, तुम्ही पत्रात दोन्ही कंपन्यांची नावं लिहिली होती. ती मी गाळली आणि अमुक-तमुक टाकलं, कारण खात्याच्या भानगडीत कंपनीची बाजू मला माहीत नाही. पण गाळल्यावर पत्र पुन्हा वाचलं तर कुठेच अडलं नाही. मग नावं उलटी करून वाचलं, अमुकच्या जागी तमुक आणि तमुकच्या जागी अमुक. तरी पत्र जसंच्या तसं उभं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच सापडलं.

जुनी गोष्ट सांगतो. १९९४-९५ च्या सुमारास नागपूरच्या महाल भागात आमच्या घराच्या ओसरीत मी 'टीव्ही गेम'चं दुकान चालवत होतो. चौदा इंची दोन टीव्ही, त्यांना जोडलेला एक लाल-पांढरा डबा आणि एक काळा. दहा मिनिटांचा एक रुपया, आणि वेळ मोजायला आईचं अलार्मचं घड्याळ. कॅसेटवर '९९९ इन वन' छापलेलं असायचं आणि आत मोजून सात-आठ गेम, तेच नाव बदलून बदलून. गल्लीतल्या पोट्ट्यांत दोन पार्ट्या पडल्या होत्या, लालवाले आणि काळेवाले. लालवाल्यांचं ठाम मत की लाल डब्यात मारिओ उंच उडी मारतो. त्यावरून ओसरीत एकाचा शर्टही फाटला.

एक दिवस काळा डबा बंद पडला. मी पेचकस घेऊन उघडला. काही कळेना, म्हणून ताडून पाहायला लालही उघडला. आत दोन्हीकडे तीच हिरवी पाटी, आणि मधोमध डांबराचा थेंब पडावा तसा तोच काळा ठिपका. एक तारही दोन्हीत तशीच वाकडी डाग दिलेली. सगळ्या पोट्ट्यांना बोलावून दाखवलं. म्हटलं, आता तरी भांडण मिटेल. दुसऱ्या दिवशी लालवाले सांगत आले की आमचा ठिपका जास्त चमकते.

आता भाऊजींचे आकडे. सोनीचा प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स, दोन्ही नोव्हेंबर २०२० मध्ये जगात आले. दोघांच्या पोटात एएमडी या एकाच कंपनीनं आखलेली चिप आहे, तीही एकाच पिढीची. झेन २ जातीचा प्रोसेसर, आरडीएनए २ जातीचं ग्राफिक्स. मेमरी दोन्हीकडे १६ जीबी. चिप घडवणारा कारखानाही एकच, तैवानची टीएसएमसी. एक्सबॉक्सवाले १२ टेराफ्लॉप (म्हणजे चित्रं काढायच्या हिशेबाचा वेग) सांगतात, प्लेस्टेशनचे १०.२८ भरतात. मग प्लेस्टेशनवाले म्हणतात आमची एसएसडी (गेम साठवायची जागा) सेकंदाला साडेपाच जीबी वाचते, तुमची २.४. दोन्ही आकडे खरे आहेत. पण तुमच्या हॉलमधल्या टीव्हीवर, सोफ्यावरून, फुटबॉल खेळणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला यातलं काहीही दिसणार नाही. कोणाचा ठिपका जास्त चमकतो, एवढाच तो वाद. फरक डोळ्यांना दिसतो तो एक्सबॉक्सच्या धाकट्या भावात, सिरीज एसमध्ये. त्यात मेमरी १० जीबी, ग्राफिक्सची ताकद चार टेराफ्लॉपच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे डिस्क घालायला जागाच नाही. या शेवटच्या गोष्टीकडे नंतर येतो, कारण टेराफ्लॉपपेक्षा ती तुमच्या कामाची आहे.

भाऊजींना आकडे द्यायचे असतील तर मी वेगळे देईन. हे डबे जुने होतील तसे स्वस्त होत जातात, असा इतकी वर्षं रिवाज होता. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्कसकट ४९,९९० रुपयांना आला. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याचंच सडपातळ मॉडेल आलं, किंमत ५४,९९०. एक्सबॉक्सच्या 'गेम पास' या महिन्याच्या वर्गणीचा वरचा प्लॅन अमेरिकेत महिना २० डॉलर होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये एका झटक्यात ३० झाला. डबा कोणाचाही घ्या, खिशाकडे येणारा हात तोच आहे.

आता तुमच्या नवऱ्याकडे येतो. त्यांच्यावर घरात थोडा अन्याय होतो आहे, असं मला वाटतं.

चौदा गेम 'विकत घेतले' असं तुम्ही लिहिलंत. त्यांनाही तसंच वाटत असणार. पण डाउनलोड केलेला गेम आपल्या मालकीचा होतच नाही. आपल्याला मिळतो तो वापरायचा परवाना, आणि तो खात्याच्या गळ्यात बांधलेला असतो. खातं गेलं की गळ्यातलंही गेलं. बटणावर मात्र बिनदिक्कत 'खरेदी करा' लिहिलेलं असतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं २०२४ मध्ये यावर कायदा केला: डिजिटल माल विकताना हा नुसता परवाना आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, नाहीतर 'खरेदी' हा शब्द वापरू नका. २०२५ पासून तो लागू झाला. आपल्याकडे कोणी बर्डीच्या बाजारातून कुकर आणला, पुढे दुकानदाराशी वाजलं, आणि दुकानदार रात्री घरात शिरून कुकर उचलून घेऊन गेला, तर आपण ठाण्यात जाऊ. इथे चौदा कुकर गेले, आणि माणसाला 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' छापाचं उत्तर सतरा वेळा वाचावं लागलं. त्यानं चिडू नये तर काय करावं?

आणि हे एकट्या त्यांच्याच नशिबी आलेलं नाही. 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम होता, म्हणजे तुमच्याच आवडीचा. यूबीसॉफ्ट कंपनीनं २०१४ मध्ये काढला आणि ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्यानं खेळायलाही त्याला इंटरनेट लागायचं. त्यामुळे ज्यांनी रोख पैसे मोजून डिस्क घेतली होती, त्यांच्या हातातही बशीखाली ठेवायला एक चकती उरली. निन्टेन्डोनं थ्रीडीएस आणि वी यू या दोन यंत्रांची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्ये मिटली. एक्सबॉक्स ३६० चं दुकान जुलै २०२४ मध्ये मिटलं. सोनीनं प्लेस्टेशन ३ चं दुकान मिटायचं २०२१ मध्ये जाहीर केलं होतं, पण ओरड झाली आणि महिन्याभरात बेत फिरवला. तेव्हा 'दादा भावनेच्या भरात बोलतो' हे भाऊजींनी बोलणं सोडावं. दादांच्या बोलण्याला घट्ट पाया आहे.

फक्त तो पाया पुढे कुठे सरकला, ते बघा. सगळ्या मोठ्या कंपन्या चोर, असं म्हणणारा माणूस तमुकचा डबा चालेल म्हणतो. इथे माझी भुवई वर गेली. चोरच म्हणायचं, तर तमुकला कोणत्या खात्यावर सूट दिली?

इथून पुढे नावं घेऊन लिहितो, कारण या गोष्टी जगजाहीर आहेत. मायक्रोसॉफ्टवर १९९८ मध्ये अमेरिकी सरकारनं मक्तेदारीचा खटला भरला. २००० मध्ये न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करायचा हुकूम दिला, २००१ मध्ये वरच्या न्यायालयानं तो उलटवला. माझ्या वयाच्या कॉम्प्युटरवाल्यांचा राग त्या काळचा. घरात चोरीची विंडोज आणि तोंडात कंपनीला शिव्या, दोन्ही एकदमच चालायचं. मीही त्यातलाच. २०१३ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर करताना सांगितलं, की यंत्राला चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावावी लागेल. आपल्याकडे मे महिन्यातल्या वावटळीत एक फांदी पडली की दोन दिवस केबल नसते. लोकांनी इतकं झोडपलं की महिन्याभरात तो नियम गुंडाळावा लागला. तेव्हा सोनीनं एक चिमुकला व्हिडिओ काढला. आमच्याकडे मित्राला गेम उसना कसा द्यायचा? एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबी ठेवतो. संपला व्हिडिओ. जग हसलं आणि सोनीला लोकांनी देव्हाऱ्यात बसवलं.

त्या देवाचंही ऐका. सोनीच्याच संगीत कंपनीनं २००५ मध्ये गाण्यांच्या सीडींतून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये लपून बसणारं सॉफ्टवेअर घुसवलं होतं. बोंब झाली तेव्हा सीड्या परत घेतल्या. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स (विंडोजसारखी कॉम्प्युटरची प्रणाली) चालवता येईल, असं सांगून यंत्र विकलं आणि २०१० मध्ये एका अपडेटनं ती सोय काढून घेतली. २०११ मध्ये त्यांच्या नेटवर्कवर घुसखोरी झाली, सुमारे ७.७ कोटी खात्यांची माहिती उघड्यावर आली आणि सेवा तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिली. म्हणजे तुमचे यजमान अमुकबद्दल बोलतात ते सगळं खरं मानलं, तरी तमुकचं पान कोरं नाही. अमुक आणि तमुक यातले कोणीही असोत.

आणि वरच्या वर काय चाललं आहे? मायक्रोसॉफ्टनं ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी ६८.७ अब्ज डॉलरना घ्यायचं २०२२ मध्ये जाहीर केलं. सोनीनं विरोधाचा धुरळा उडवला, आणि जुलै २०२३ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी' दहा वर्षं प्लेस्टेशनवर राहील या करारावर सही केली. ऑक्टोबरमध्ये सौदा झाला. त्याआधी २०१९ मध्येच गेम इंटरनेटवरून पुरवायच्या कामात मायक्रोसॉफ्टची क्लाउड यंत्रणा वापरून पाहायचं दोघांनी मिळून जाहीर केलं होतं. 'फोर्झा होरायझन ५' हा मेक्सिकोतल्या रस्त्यांवर गाड्या पळवायचा मायक्रोसॉफ्टचा लाडका गेम एप्रिल २०२५ पासून प्लेस्टेशनवर आहे. सोनीचा 'हेलडायव्हर्स २' त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक्सबॉक्सवर गेला. म्हणजे तिकडे कंपन्या एका ताटात जेवताहेत, आणि इकडे त्रिमूर्ती नगरात माणूस महालक्ष्म्यांच्या ताटावरून उठतो आहे.

(कंसात सांगतो. तो फोर्झा तुमच्यासाठीच आहे. कोणताही डबा आला तरी मिळेल.)

मी महालचा असल्यामुळे मला इथे मारबत आठवल्याशिवाय राहात नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, सोबत बडगे निघतात. त्या त्या वर्षी जे छळतं त्याचा पुतळा करायचा. महागाई, लाचखोरी, खड्डे, डास, ज्यानं त्यानं आपापलं दुःख बांबू-कागदात बांधायचं, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत भर रस्त्यातून मिरवायचं, आणि शेवटी जाळून घरी यायचं. एखाद्या वर्षी मोठ्या कंपनीचा बडग्या निघाला तर मीही दोरी ओढीन. पण बडग्या जाळायचा असतो, वहिनी. तुमच्या यजमानांनी तो घरी आणून शोकेसमध्ये ठेवला आहे आणि रोज पुसतात. भाऊजींनी समोरच्या खोलीत त्याच कंपनीची आरती चालवली आहे.

पण का? भाऊजींना अमुकचं इतकं प्रेम का असावं? पत्रात तुम्ही एक ओळ जाता जाता लिहून पुढे गेलात. ती मी तीनदा वाचली. भाऊजी मिहानमध्ये ग्राहकांच्या तक्रारी पाहतात.

म्हणजे सतरा छापील उत्तरं ज्या खुर्चीतून येतात, तसल्याच एका खुर्चीत तुमचा दीर दिवसभर बसतो. कंपनी दुसरी, खुर्ची तीच. दिवसाला किती तक्रारी संपवल्या हे वर मोजलं जात असणार. उत्तराचा मजकूर आधीच ठरलेला. समोरच्या माणसाचं म्हणणं खरं आहे, हे कळूनही हातात काही नसतं. माझा एक भाचा या कामात होता. तो सांगायचा की मामा, घरी आल्यावर फोन वाजला तरी पोटात गोळा येतो. आता असा माणूस घरी येतो, जेवायला बसतो, आणि मोठा भाऊ म्हणतो, हे छापील उत्तरं पाठवणारे सगळे चोर. दादा कंपनीला बोलतो आहे, पण भाऊजींच्या कानात ते 'तू जी भाकर खातोस ती चोरीची' असं शिरतं. त्यावर भावाला 'मला लागलं' कसं म्हणायचं? बाप्यांना ते जमत नाही. म्हणून टेराफ्लॉप. आणि दादांच्या बाजूनं पाहा. आपल्यावर अन्याय झाला, आणि ज्या भावाबरोबर रात्री दोन-दोनपर्यंत खेळलो, तोच समोरच्या पार्टीचा आकडा सांगून राहिला.

माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून द्या. पण एकदा भाऊजी एकटे चहाला बसले असताना, त्यांच्या कामाचा दिवस कसा जातो, एवढंच विचारून बघा. कन्सोलचं नाव काढू नका.

आता खरेदी. एक गोष्ट तुम्ही विसरलात. भिशी तुमची, साठ हजार तुमचे. दोन पुरुष ज्यावर भांडताहेत, तो निर्णय त्यांचा नव्हताच. तेव्हा माझी शिफारस तुम्हाला आहे, त्यांना नाही.

डिस्कची खाच असलेलाच डबा घ्या. अमुक की तमुक, हे मुलाला ठरवू द्या, तेही फ्लॅटस्कीममधल्या आणि वर्गातल्या मित्रांकडे काय आहे ते पाहून. नवा गेम चार-पाच हजारांना पडतो. चार पोरांकडे एकच जात असेल तर डिस्क आठवड्याला घरं बदलतात. खेळून झालेली डिस्क विकता येते, डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. 'द क्रू'चं उदाहरण मीच दिलं, तेव्हा डिस्क म्हणजे अमरपट्टा असं सांगणार नाही, पण चौदाच्या चौदा एका रात्रीत जाणार नाहीत. यजमानांच्या रागाला हा मान दिल्यासारखंही होईल. तसं त्यांना सांगा: तुमच्या अनुभवामुळेच डिस्कवाला घेते आहे.

वापरलेला स्वस्तात मिळत असेल तर जरूर पाहा, मात्र दुकानातच टीव्हीला लावून. सोबत एक डिस्क न्या आणि ती आत जाते, वाचली जाते, बाहेर येते, हे बघा. इंटरनेटला जोडून तुमच्या खात्यानं आत शिरता येतं का तेही बघा, कारण कंपनीनं बंदी घातलेली यंत्रंही बाजारात फिरतात. कंट्रोलरची काडी हात न लावता सरकत नाही ना, ते पाहा. दुकानदार 'ताई, गॅरंटी माझी' म्हणाला तर पावतीवर लिहून मागा.

खातं तुमच्या नावाचं आणि तुमच्या ई-मेलवर काढा. मुलाचं त्याखाली मुलाचं खातं. बँकेचं कार्ड त्यात साठवून ठेवू नका. महिन्याची वर्गणी पहिले सहा महिने अजिबात नको. भाऊजी आग्रह करतील, पण फुटबॉलची एक डिस्क आणि तुमच्या गाड्या सहा महिन्यांना पुरतात. विकतचा गेम इंटरनेटवरून दुसऱ्यांशी खेळायला सहसा वर्गणी लागते, पण एका सोफ्यावर दोघांना दोन कंट्रोलर लागतात, बाकी काही नाही. तेव्हा पैसे घालायचे तर दुसऱ्या कंट्रोलरवर घाला.

आणि नागपुरात राहून हे सांगितलंच पाहिजे. प्लेस्टेशन ५ च्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलेलं आहे. आपल्या हॉलमध्ये मेमध्ये कूलर लावूनही ३५ च्या खाली येता येता संध्याकाळ होते. डबा टीव्ही युनिटच्या काचेआड कोंडू नका, मागे-बाजूला वीतभर जागा सोडा. कूलरच्या थेट झोतात तर मुळीच ठेवू नका. ती हवा गार लागते पण ओली असते, आणि वाळ्याच्या जाळीतला कचरा सगळा पंख्यात जाऊन बसतो. मे महिन्यात दुपारी खेळणं बंद, संध्याकाळी चालू. पोरांना हे कारण सांगितलेलं चालतं, अभ्यासाचं चालत नाही. लाइट वारंवार जात असेल तर कॉम्प्युटरला लावतात तसला छोटा यूपीएस लावा, म्हणजे नीट बंद करायला चार मिनिटं मिळतात.

हे सगळं करायच्या आधी एक काम आहे आणि त्याला मुदत आहे. खातं बंद होऊन दीड वर्ष झालं म्हणता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे नागपुरातच करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा. राग कागदावर उतरला की त्याला वजन येतं. गूगलला आपल्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तोही कोणीतरी बसून तक्रार लिहिली होती म्हणून. तुमचे चौदा गेम परत येतीलच असं मी म्हणत नाही. पण सतरा ई-मेल तापल्या डोक्यानं लिहिले गेले असणार. त्यात तक्रार क्रमांक एकच ठेवला होता की दर वेळी नवा काढला, रकमा-तारखा होत्या की नुसत्या शिव्या, हे पाहायला हवं.

आणि हे पाहायला नागपुरात तुमच्या दिराहून लायक माणूस कोण? कोणतं वाक्य वाचलं की यंत्र छापील उत्तर पाठवतं आणि कोणत्या वाक्यावर तक्रार वरच्या टेबलावर सरकवावी लागते, हे त्यांना रोजच्या भाकरीनं शिकवलं आहे. तुम्ही दोघांना समेट करायला बसवू नका, नाही बसायचे. भाऊजींना एवढंच सांगा की दादाच्या खात्याची तक्रार नीट लिहून पाहिजे, मला इंग्रजी जमत नाही. खोटं असलं तरी चालेल. चौदा गेमच्या पावत्यांचे ई-मेल दादांच्या इनबॉक्समध्ये असतील, ते शोधायला दादांना खाली यावंच लागेल. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत भांडतील, तुम्ही आत पोहे टाका आणि तर्री जरा झणझणीत करा. दुसऱ्या दिवशी चौथी पावती सापडेल तेव्हा एकजण म्हणेल, 'अबे, हा गेम आठवते का तुले?'

तेवढं कानावर आलं की मग डबा आणायला बर्डीवर जा. आणि तुमचा गाडीचा गेम पहिल्या दिवशी तुम्हीच लावा.